माता-बाल पोषणावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू : कोणतं काम कधी करायचं आणि घोळ कुठे होतो

पबमेड (वैद्यकीय संशोधनाची ऑनलाइन सूची) उघडायचं, सापडतील ते पेपर उतरवून घ्यायचे, एक्सेलमध्ये भरायचे आणि मग यातून प्रश्न कोणता निघतो ते बघायचं. ठाणे-नवी मुंबईतले एमडी, एमपीएच आणि आहारशास्त्राचे विद्यार्थी माझ्याकडे रिव्ह्यू घेऊन येतात, तेव्हा बहुतेकांचं काम या उलट्या क्रमाने झालेलं असतं. मेहनत खरी असते, रात्री जागवलेल्या असतात, पण ते काम सिस्टिमॅटिक रिव्ह्यू (एका प्रश्नावरचे सगळे अभ्यास आधी ठरवलेल्या पद्धतीने शोधून, पारखून काढलेलं एकत्रित उत्तर) म्हणून उभं राहत नाही. निकाल डोळ्यांसमोर असताना निकष ठरवले, की ते निकालाला सोयीचे होतात. मुद्दाम कोणी करत नाही, पण होतंच.

म्हणून खालचे टप्पे याच क्रमाने घ्या. पहिल्या तीन टप्प्यांत एकही पेपर निकालासाठी वाचायचा नाही.

## सुरुवातीची जुळवाजुळव

किमान दोन माणसं हवीत. गाळणी (कोणते पेपर घ्यायचे, कोणते वगळायचे ते ठरवणं) आणि पेपरांतून माहिती काढणं ही दोन्ही कामं दोघांनी एकमेकांचं न बघता करायची असतात. मतभेद झाला तर निर्णय देणारी तिसरी व्यक्ती आधीच ठरवा. सहसा ते मार्गदर्शकच असतात. कॉलेजच्या ग्रंथपालांना पहिल्याच आठवड्यात भेटा. शोधाची मांडणी त्यांना आपल्यापेक्षा चांगली कळते, आणि एम्बेस किंवा स्कोपस (पबमेडसारख्याच, पण सशुल्क सूची) आपल्या संस्थेत मिळतं की नाही हेही त्यांनाच ठाऊक असतं.

वेळेचा अंदाज प्रामाणिकपणे बांधा. माझ्या अनुभवात दोन माणसांना नोकरी-ड्युटी सांभाळून आठ ते बारा महिने लागतात. प्रबंधाच्या शेवटच्या तीन महिन्यांत हे काम हाती घेऊ नका.

संदर्भ ठेवायला झोटेरो पुरतं. गाळणीसाठी रय्यान वापरा. एक सामायिक फोल्डर उघडा आणि त्यात ‘निर्णय-वही’ नावाची एक साधी फाइल ठेवा : तारीख, काय ठरलं, का ठरलं, कोणी ठरवलं. सहा महिन्यांनी परीक्षक ‘हा अभ्यास का वगळला?’ असं विचारतात, तेव्हा हीच वही कामाला येते.

## टप्पा १ : प्रश्न अरुंद करा

‘गरोदरपणातील पोषण आणि बाळाचं आरोग्य’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्नात चार गोष्टी स्पष्ट दिसल्या पाहिजेत : कोण (लोकसंख्या), काय दिलं (हस्तक्षेप), कशाच्या तुलनेत (तुलना), आणि काय मोजलं (परिणाम). यालाच पिको म्हणतात.

उदाहरण घेऊ. ‘दक्षिण आशियात ६ ते २३ महिन्यांच्या बाळांच्या आयांना वरच्या आहाराबद्दल घरी जाऊन समुपदेशन दिलं, तर नेहमीच्या अंगणवाडी सेवेच्या तुलनेत बाळाची वयानुसार उंची सुधारते का?’ यातला प्रत्येक शब्द पुढे गाळणीत उपयोगी पडतो. समुपदेशनासोबत पाकीटबंद आहारही दिला असेल तर तो अभ्यास घ्यायचा का? गटात बसवून दिलेलं समुपदेशन चालेल का? सुरुवातीला बाळ चार महिन्यांचं होतं आणि शेवटी अठरा महिन्यांचं, तर काय? उत्तरं आत्ताच लिहून ठेवा.

त्यानंतर कोक्रेन लायब्ररी (छापून झालेल्या सिस्टिमॅटिक रिव्ह्यूंचा संग्रह) आणि प्रॉस्पेरो (रिव्ह्यूंच्या प्रोटोकॉलची नोंदवही) या दोन ठिकाणी बघा की हाच प्रश्न कोणी आधी घेतलाय का. गरोदरपणातली रोजची लोहाची गोळी किंवा अनेक सूक्ष्मपोषकांची एकत्र गोळी यांवर कोक्रेनचे रिव्ह्यू आहेतच. तोच प्रश्न पुन्हा घ्यायचा असेल तर आपला रिव्ह्यू नवीन काय देणार, हे एका वाक्यात लिहिता आलं पाहिजे.

थांबा : ‘या विषयावर काय काय संशोधन झालंय’ एवढंच शोधायचं असेल तर तुम्हाला स्कोपिंग रिव्ह्यू हवाय. त्याची पद्धत वेगळी आहे. नाव एकाचं आणि काम दुसऱ्याचं, अशी गल्लत करू नका.

## टप्पा २ : व्याख्या आणि मोजमाप ठरवा

माझ्या मते पोषणावरचे सगळ्यात जास्त रिव्ह्यू याच जागी फसतात, म्हणून इथे वेळ द्या. एकच शब्द दोन पेपरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगत असतो.

निव्वळ स्तनपान. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. औषधं, जीवनसत्त्वांचे थेंब आणि ओआरएस चालतं, पाणी चालत नाही. पण हे विचारतात कसं? बरेच अभ्यास ‘काल दिवसभरात बाळाला काय दिलं?’ असं विचारतात, काही ‘जन्मापासून आजवर’ असं विचारतात. आपल्याकडे आजी बाळाला न्हाऊ घातल्यावर घुटी उगाळून चाटवते, आणि तीही रोज नाही, दोन-चार दिवसांआड. काल घुटीचा दिवस नसेल तर चोवीस तासांच्या प्रश्नात ते बाळ निव्वळ स्तनपानावर धरलं जातं. जन्मापासूनच्या प्रश्नात तेच बाळ बाहेर पडतं. हे दोन आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसवता येत नाहीत.

आहारातील विविधता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या निर्देशकात सातपैकी चार अन्नगट पुरे होते. २०२१ च्या सुधारित निर्देशकात आईचं दूध हाही एक गट धरला गेला आणि अट आठपैकी पाच अशी झाली. पेपर कोणत्या साली छापला यावरून अंदाज बांधू नका. पद्धतीच्या भागात कोणती अट वापरली ते वाचा.

अ‍ॅनिमिया. गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ११ ग्रॅम प्रति डेसिलीटरपेक्षा कमी, ही अनेक वर्षांची रेषा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दुसऱ्या तिमाहीसाठी ती १०.५ वर आली, आणि ६ ते २३ महिन्यांच्या बाळांसाठीही १०.५ झाली. शिवाय बोटातून घेतलेलं रक्त हिमोक्यू या छोट्या यंत्रावर तपासलं की शिरेतलं रक्त ऑटोअ‍ॅनालायझरवर, यानेही आकडा हलतो. शक्य असेल तिथे ‘अ‍ॅनिमिया आहे किंवा नाही’ यापेक्षा हिमोग्लोबिनची सरासरी हा मुख्य परिणाम ठेवा.

वाढ. खुजेपणा म्हणजे वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर (त्या वयाच्या प्रमाण उंचीपासून बाळ किती दूर आहे ते सांगणारा आकडा) उणे दोनपेक्षा कमी. पण तो २००६ च्या जागतिक मानकांवर मोजलाय की जुन्या एनसीएचएस (अमेरिकी मुलांवरून काढलेल्या) संदर्भावर? जुन्या भारतीय पेपरांत ‘दुसऱ्या श्रेणीचं कुपोषण’ भेटतं. ती इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्सची वयानुसार वजनाच्या टक्केवारीवरची श्रेणी आहे, तिचं झेड-स्कोअरमध्ये सरळ रूपांतर होत नाही.

भूगोल. हा मुद्दा खास आपल्या भागातल्यांसाठी. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधीच्या पेपरात ‘ठाणे जिल्ह्यातील आदिवासी माता’ असं लिहिलं असेल तर त्या जव्हार-मोखाड्याच्या असू शकतात. नंतरच्या पेपरात त्या बहुधा शहापूर-मुरबाडच्या असतील. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची चौथी फेरी (२०१५-१६) २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्यांवर झाली, म्हणजे तिच्या ठाण्यात पालघरही आहे. पाचव्या फेरीत (२०१९-२१) दोन्ही जिल्हे वेगळे आहेत. हे लक्षात न घेता दोन फेऱ्यांमधला ठाण्याचा फरक ‘सुधारणा’ म्हणून लिहिलेला मी एकाहून अधिक मसुद्यांत पाहिलाय. नवी मुंबईचंही तसंच. ऐरोली-वाशी ठाणे जिल्ह्यात, खारघर रायगडात.

तपासून पाहा : प्रत्येक परिणामासमोर चार रकाने भरले का? व्याख्या, मोजायचं साधन, एकक, आणि कोणत्या वयाला किंवा कितव्या आठवड्याला मोजलं. एकही रकाना रिकामा असेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा ३ : प्रोटोकॉल लिहा आणि नोंदवा

वरचं सगळं आठ-दहा पानांत लिहा : निकष, शोधाची ठिकाणं, गाळणीची पद्धत, बायसचं (निकाल एका बाजूला झुकवणाऱ्या दोषांचं) मूल्यमापन, आकडे एकत्र करायची पद्धत, उपगट (ज्यांचे निकाल वेगळे काढून बघायचे ते गट). उपगट दोन-तीनच ठेवा आणि प्रत्येकामागचं कारण लिहा.

मग प्रॉस्पेरोवर नोंद करा. यॉर्क विद्यापीठाची ही नोंदवही २०११ पासून आहे आणि नोंदणी मोफत आहे. स्कोपिंग रिव्ह्यू तिथे घेत नाहीत. नोंद शोध सुरू करण्याआधी करा. पेपर वाचून झाल्यावर केलेल्या नोंदीला अर्थ राहत नाही. नंतर काही बदलावं लागलं तर बदला, पण नोंदीत तारीख आणि कारण टाका. बदल करणं दोष नाही. तो लपवणं दोष आहे.

## टप्पा ४ : शोध

प्रश्नातल्या चारही भागांचे शब्द शोधात टाकू नका. लोकसंख्या आणि हस्तक्षेप हे दोन गट, आणि गरज असेल तर अभ्यासाचा प्रकार, एवढं पुरतं. परिणामाचे शब्द टाकले की, ज्या पेपरने उंची मोजली पण सारांशात तिचा उल्लेख केला नाही, तो हातातून निसटतो.

प्रत्येक गटात समानार्थी शब्द ‘ऑर’ने जोडा आणि गट एकमेकांना ‘अँड’ने. वरच्या आहारासाठी ‘कॉम्प्लिमेंटरी फीडिंग’ घ्यालच, पण जुन्या पेपरांत ‘वीनिंग’ आहे, काहींत ‘इन्फंट अँड यंग चाइल्ड फीडिंग’. अ‍ॅनिमियाच्या ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही वर्तन्या घ्या. अंगणवाडी, आयसीडीएस, टेक होम रेशन, आशा हे शब्दही घाला; परदेशी रिव्ह्यूंच्या शोधात ते नसतात आणि आपल्याकडचे कितीतरी अभ्यास त्यामुळेच सुटतात.

मेश संज्ञा (पबमेडमधल्या लेखांना विषयानुसार लावलेली ठरावीक लेबलं) आणि साधे शब्द दोन्ही वापरा. पबमेडमध्ये पीएमसीमार्फत येणाऱ्या काही भारतीय जर्नलांच्या लेखांना मेश संज्ञा लागतच नाहीत, आणि नव्या लेखांना लागायला वेळ जातो. त्यामुळेच डावीकडची ‘ह्यूमन्स’ किंवा ‘इन्फंट’ ही गाळणी टिचकीसरशी लावू नका. हे फिल्टर मेशवर चालतात, आणि मेश नसलेला प्रत्येक लेख गुपचूप बाहेर जातो. ही चूक मला दर वर्षी दिसते.

ठिकाणं : पबमेड, कोक्रेनचं सेंट्रल (चाचण्यांची सूची), आणि मिळत असेल तर एम्बेस किंवा स्कोपस. चाचण्यांच्या नोंदींसाठी सीटीआरआय (भारतातली नोंदवही) आणि जागतिक आरोग्य संघटनेचं आयसीटीआरपी (जगभरच्या नोंदींसाठी). सीटीआरआयवर जून २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंदणी सक्तीची आहे, आणि पोषणाच्या बऱ्याच चाचण्याही तिथे सापडतात. नोंद आहे पण पेपर कधीच आला नाही, अशा चाचण्या तिथेच कळतात. प्रबंधांसाठी शोधगंगा बघा. गूगल स्कॉलर जोडीला ठेवा, पण एका शोधाचे पहिले हजारच निकाल ते दाखवतं, म्हणून मुख्य स्रोत म्हणून धरू नका. भाषेचा फिल्टर लावू नका.

तपासून पाहा : घ्यायलाच हवेत असे चार-पाच पेपर तुम्हाला आधीपासून माहीत असतील. तुमचा शोध ते सगळे पकडतो का? एकही सुटला तर कोणत्या शब्दामुळे सुटला ते शोधा आणि मांडणी दुरुस्त करा. मग प्रत्येक ठिकाणची पूर्ण शोध-ओळ, तारीख आणि निकालांची संख्या जशीच्या तशी निर्णय-वहीत चिकटवा.

## टप्पा ५ : गाळणी

सगळे निकाल झोटेरोत आणा, दुबार नोंदी काढा, किती काढल्या तो आकडा लिहा. मग रय्यानमध्ये ‘ब्लाइंड’ चालू ठेवून दोघांनी शीर्षक आणि सारांश वाचायचे.

आधी पन्नास नोंदींवर सराव करा आणि जुळणी कप्पाने (योगायोगाने होणारी जुळणी वजा करून काढलेल्या आकड्याने) मोजा. नुसती टक्केवारी फसवते. समजा शंभर सारांशांपैकी ९४ दोघांनीही वगळले, १ दोघांनीही घेतला, आणि ५ ठिकाणी मतं वेगळी पडली, एकाने २ जास्तीचे घेतले, दुसऱ्याने ३. जुळणी ९५ टक्के दिसते. पण कप्पा येतो ०.२६ च्या आसपास, म्हणजे अगदी कमी. घेण्याजोगा पेपर कोणता यावर दोघांचं अजून एकमत झालेलं नाही, हे तो आकडा सांगतो. अशा वेळी समोरासमोर बसा, निकषाचं वाक्य दुरुस्त करा आणि नव्या पन्नासवर पुन्हा बघा.

सारांशाच्या पातळीवर शंका असेल तर पेपर आत घ्या. पूर्ण पेपर वाचून वगळताना मात्र प्रत्येकासमोर एकच कारण, ठरलेल्या क्रमाने लिहा : आधी लोकसंख्या, मग हस्तक्षेप, मग तुलना, मग अभ्यासाचा प्रकार.

थांबा : एकाच चाचणीचे चार-चार पेपर असतात; एक जन्मवजनावर, एक दोन वर्षांच्या उंचीवर, एक आईच्या हिमोग्लोबिनवर. गावं, साल, नोंदणी क्रमांक जुळवा. तो एकच अभ्यास आहे. वेगवेगळे धरलेत तर त्याच बायका तुमच्या बेरजेत दोनदा मोजल्या जातील.

घेतलेला प्रत्येक पेपर मागे घेतलेला तर नाही ना, तेही बघा. अर्भकांचं दूध आणि अ‍ॅलर्जी यावरचा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला १९८९ चा एक पेपर तब्बल २६ वर्षांनी, २०१५ मध्ये मागे घेण्यात आला. मधल्या काळात तो उद्धृत होत राहिला.

## टप्पा ६ : माहिती काढणं

फॉर्म आधी तयार करा, तीन पेपरांवर वापरून पाहा, सुधारा, मगच बाकीच्यांना हात घाला. हे कामही दोघांनी वेगवेगळं करायचं. इथली एक चूक सगळा रिव्ह्यू पालथा करते.

माझ्या एका जुन्या रिव्ह्यूतली गोष्ट सांगते. १४४ बायकांचा एक अभ्यास होता. तक्त्यात हिमोग्लोबिनच्या सरासरीपुढे ‘± ०.१’ असं होतं आणि मी तो आकडा स्टँडर्ड डिव्हिएशन (बायकांचे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) म्हणून भरला. तो होता स्टँडर्ड एरर (सरासरीचा अंदाज किती चुकू शकतो ते). तक्त्याखाली बारीक अक्षरांत तसं लिहिलेलंही होतं. खरं डिव्हिएशन म्हणजे ०.१ गुणिले १४४ चं वर्गमूळ, म्हणजे १.२. फिक्स्ड इफेक्टच्या (सगळ्या अभ्यासांचा खरा परिणाम एकच धरणाऱ्या) हिशेबात त्या एका अभ्यासाला १४४ पट वजन मिळालं. ठाणे-पनवेल लोकलमध्ये सहकारी माझ्या शेजारी बसून फॉरेस्ट प्लॉटची (प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि वजन दाखवणाऱ्या आलेखाची) प्रिंट बघत होती. एकच चौकोन एवढा मोठा आणि बाकीचे ठिपक्यासारखे का, असं तिने विचारलं. घणसोली येईपर्यंत आम्ही मूळ तक्ता फोनवर उघडला होता. तेव्हापासून माझ्या फॉर्ममध्ये ‘± नंतरचा आकडा नेमका काय आहे?’ असा स्वतंत्र रकाना असतो. तुम्हीही तो ठेवा. हिमोग्लोबिनचं डिव्हिएशन ०.३ पेक्षा कमी दिसलं तर पेपर पुन्हा उघडा.

बाकीचे सापळे :

- एकक. १०.८ ग्रॅम प्रति डेसिलीटर म्हणजेच १०८ ग्रॅम प्रति लीटर. भरताना एकच एकक ठेवा.
- लोहाची मात्रा. गोळीत क्षार किती आणि मूळ लोह किती हे वेगळं असतं. ३०० मिलिग्रॅम फेरस सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये मूळ लोह ६० मिलिग्रॅम असतं. पेपरमध्ये ‘३०० मिलिग्रॅम लोह’ दिसलं तर आधी संशय घ्या.
- तुलनेचा गट. ‘नेहमीची सेवा’ म्हणजे काय? अ‍ॅनिमिया मुक्त भारतमध्ये गरोदर बाईला रोज ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल आधीच मिळतं. आदिवासी भागात अमृत आहार योजनेचं जेवण मिळत असेल. म्हणजे ती तुलना ‘काहीच नाही’शी नसते.
- समूह-चाचण्या. अंगणवाड्या चिठ्ठीने वाटल्या असतील तर मुलं स्वतंत्र धरता येत नाहीत. ३० अंगणवाड्या, प्रत्येकी २० मुलं, अंतर्गत सहसंबंध (एकाच अंगणवाडीतली मुलं एकमेकांसारखी किती) ०.०५; तर डिझाइन इफेक्ट (मुलांची संख्या कितीने भागायची तो आकडा) १ + (१९ × ०.०५) = १.९५, आणि ६०० मुलांची किंमत उरते ३०८ च्या आसपास. पेपरने हे समायोजन केलं नसेल तर तुम्हाला करावं लागतं.

आकडा सापडत नसेल तर लेखकांना ईमेल करा. दोनदा करा, तारखा नोंदवा.

## टप्पा ७ : बायसचं मूल्यमापन

यादृच्छिक चाचण्यांसाठी रॉब-२, बाकीच्या हस्तक्षेप-अभ्यासांसाठी रॉबिन्स-आय, ही बायस तपासायची साधनं वापरा. ‘हा पेपर दहापैकी सात’ असे गुण देऊ नका. प्रत्येक क्षेत्राचा निर्णय वेगळा द्या आणि त्याखाली पेपरमधलं वाक्य ठेवा.

पोषणात दोन जागा नीट बघा. घरी दिलेलं आहाराचं पाकीट एकट्या बाळाच्या पोटात जात नाही. ते थोरल्या भावंडांत वाटलं जातं, कधी घरातल्या सगळ्यांच्या चहासोबत संपतं. पेपरने खाणं मोजलं का, की नुसतं वाटप मोजलं? दुसरी जागा उंची मोजणारी व्यक्ती. कोणत्या गावात समुपदेशन झालं हे तिला ठाऊक होतं का? झोपवून लांबी मोजताना हळवं बाळ पाय आखडतं, आणि मापणाऱ्याच्या हाताने अर्धा सेंटीमीटर सहज इकडेतिकडे होतो.

## टप्पा ८ : एकत्र करायचं की नाही

सॉफ्टवेअर कोणत्याही दोन आकड्यांची सरासरी काढून देतं. ती काढावी का, हे तुम्ही ठरवायचं. लोकसंख्या, हस्तक्षेप आणि मोजायची वेळ पुरेशी सारखी असेल तरच आकडे गणिताने एकत्र करणारं मेटा-अ‍ॅनालिसिस करा, आणि या विषयात बहुतेक वेळा रँडम इफेक्ट्स (प्रत्येक अभ्यासाचा खरा परिणाम थोडा वेगळा असू शकतो असं धरणारं) मॉडेलच योग्य ठरतं. आय-स्क्वेअर (अभ्यासांच्या निकालांत खरा फरक किती ते सांगणारा आकडा) मोठा आला म्हणून अभ्यास वगळत बसू नका. कारण शोधा, आणि तेही प्रोटोकॉलमध्ये लिहिलेल्या उपगटांतच. फनेल प्लॉटला (न छापलेले अभ्यास सुटलेत का याचा अंदाज देणाऱ्या आलेखाला) किमान दहा अभ्यास लागतात.

एकत्र करता येत नसेल तर ‘पाचपैकी तीन अभ्यासांत फायदा दिसला’ असं लिहू नका. ती मतमोजणी झाली, लहान-मोठे अभ्यास तिच्यात सारखेच ठरतात. प्रत्येक अभ्यासाचा परिणाम आणि त्याचा विश्वास-पट्टा (कॉन्फिडन्स इंटरव्हल) तक्त्यात मांडा.

## टप्पा ९ : खात्री किती, आणि लिखाण

प्रत्येक मुख्य परिणामासाठी ग्रेड पद्धतीने खात्री ठरवा : उच्च, मध्यम, कमी, अतिशय कमी. निष्कर्षाची भाषा या पायरीला धरूनच असावी. खात्री कमी असेल तर ‘उंची वाढते’ असं नाही, ‘उंचीत थोडा फरक पडत असावा’ असं लिहायचं. अंगणवाडी सेविकेपर्यंत पोचणारा सल्ला अशाच वाक्यांवरून बनतो, म्हणून क्रियापदाबद्दल मी आग्रही असते.

लिहिताना प्रिझ्मा २०२० ची (रिव्ह्यूत काय काय लिहायचं याची) २७ मुद्द्यांची यादी शेजारी ठेवा. तिच्या आकृतीत नोंदी (शोधात सापडलेल्या), अहवाल (पेपर) आणि अभ्यास हे तीन आकडे वेगळे असतात. टप्पा ५ मध्ये एका चाचणीचे चार पेपर एकत्र बांधले असतील तर हे आकडे आपोआप जुळतात.

सादर करण्याआधी शोधाची तारीख बघा. वर्ष उलटून गेलं असेल तर तीच शोध-ओळ पुन्हा चालवा, नव्या नोंदी त्याच दोघांनी त्याच निकषांवर गाळा, आणि दोन्ही तारखा पद्धतीच्या भागात लिहा.